साथ सुरू असताना सरकारी शाळा सुरक्षितपणे उघडता येतात का?

येतात. पुन्हा कोविडसारखं काही आलं तर शाळेनं काय तयारी ठेवावी, असं तुम्ही विचारलंय आणि खाली स्वतःच यादी दिलीय: सॅनिटायझर, थर्मल गन, फवारणी, बाकांवर फुल्या. ती वाचून माझं डोकं परत तापलं. त्यात खिडकी कुठंच नाही!

मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. शाळा उघडायचा आदेश आला तेव्हा माझ्या वर्गाची एकच खिडकी उघडत होती. बाकीच्यांना पूर्वी कुणीतरी खिळे ठोकलेले, कारण मुलं आधी दप्तर बाहेर टाकायची आणि मागोमाग स्वतःही पसार व्हायची. तयारीच्या बैठकीत मी म्हटलं, फवारणी यंत्र राहू द्या, त्या पैशात सुतार बोलवा. मुख्याध्यापक म्हणाले, "परिपत्रकात खिडकीचा उल्लेख दाखवा सर, लगेच करतो."

उल्लेख नव्हता. यंत्र आलं. फवारणीचे फोटो अहवालाला जोडून वर गेले. त्या फोटोंत मागे बंद खिडक्या ठळक दिसतात, पण वर कुणाला त्या खटकल्या नाहीत.

आणि हे सगळं कधी, तर जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्येच, खोल्यांमध्ये नेहमीची फवारणी करू नका, असं सांगून झाल्यावर. अर्थात ही संघटनाही धुतल्या तांदळासारखी नाही. मार्च २०२० मध्ये हिनंच हा विषाणू हवेतून पसरत नाही असं ठणकावून सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्याची किंमत जगभरच्या वर्गांनी मोजली. हात धुवून पोटाचे आजार टळतात, जरूर धुवा. पण कोविड मुख्यतः श्वासातून पसरतो. बिडीचा धूर कसा सहा फुटांवरच्या फुलीपाशी थांबत नाही, तसंच हे. थर्मल गनबद्दल तर बोलायलाच नको. लागण झालेल्या कितीतरी मुलांना तापच येत नाही.

मी स्वतःच्या पैशानं कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. वर्गात ८०० च्या आत राहिला तर हवा खेळती आहे असं ढोबळमानानं धरतात. दार लोटून एक तास घेतला तर माझ्या वर्गात आकडा २००० च्या वर गेला. म्हणजे आम्ही सगळे एकमेकांचा सोडलेला श्वास परत घेत होतो. हे मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "हवा कुणाला दिसत नाही सर. फवारणी दिसते. पालकांना काहीतरी दिसायला हवं." माणूस निदान खरं बोलला.

मग सुट्टीच्या दिवशी मी सुतार नेला आणि खिळे उपटून घेतले. सोमवारी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला: शासकीय मालमत्तेत विनापरवानगी फेरबदल. मी खुलाशाला आधीचे आणि नंतरचे आकडे जोडले. त्यावर उत्तर आलेलं नाही, खिळेही परत ठोकलेले नाहीत.

यात नवीन शोध काही नाही. क्षयरोगाच्या काळात, १९०४ मध्ये, बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला झाडांखाली शाळा भरवली होती. कोविडमध्ये डेन्मार्कनं एप्रिल २०२० च्या मध्यालाच लहान मुलांच्या शाळा उघडल्या, छोटे गट केले आणि जमेल तितकं शिकवणं मैदानावर नेलं. उलट इस्रायलमध्ये त्याच वर्षी मे महिन्यात उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती तात्पुरती उठवली, वर्गांत एसी चालू होते आणि जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत मोठा उद्रेक झाला.

तेव्हा तुमच्या शाळेच्या पालकसभेत सॅनिटायझर किती लिटर आलं हे विचारू नका. प्रत्येक वर्गाच्या किती खिडक्या उघडतात, समोरासमोर किती, आणि बंद असलेल्यांसाठी तरतूद कुठल्या खात्यातून, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. मुख्याध्यापक परिपत्रक दाखवतील. तुम्ही खिडकी दाखवा.

खिडकीनं सगळं भागतं असं मात्र नाही. साथ भरात असेल तर मास्क लागतोच, लस आली असेल तर शिक्षकांना आधी द्यावी, आणि आजारी मुलाला घरी ठेवलं म्हणून त्याची हजेरी कापू नये. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर तुमचं गणित वेगळं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. सगळ्याच साथी श्वासातून येतात असंही नाही. पण "थंडीत खिडक्या कशा उघड्या ठेवायच्या" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. जर्मनीत २०२० च्या हिवाळ्यात वर्गाच्या खिडक्या दर २० मिनिटांनी सताड उघडायला सांगितलं होतं, आणि मुलं अंगात कोट घालून बसत होती.