थ्रेड (प्रोग्राममधले एकाच वेळी चालणारे भाग) वाढवले की 'डबल फ्री' (एकच मेमरी दोनदा सोडणं) येऊन प्रोग्राम कोसळतो. मेमरी देणाऱ्या मॅलॉकमध्ये दोष आहे का?

नाही, मॅलॉकवर संशय नको. लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचे मॅलॉक आणि मेमरी परत सोडणारं फ्री अनेक थ्रेडमधून एकाच वेळी वापरता येतात, आतलं लॉकिंग ते स्वतः सांभाळतात. तुम्ही लिहिलंय की सी प्लस प्लसमध्ये चार थ्रेड एकाच व्हेक्टरमध्ये (आपोआप वाढणाऱ्या यादीत) पुश-बॅक करतात, म्हणजे शेवटी भर घालतात, एका थ्रेडवर सगळं सुरळीत चालतं आणि क्रॅश दर वेळी नव्याच फंक्शनमध्ये दिसतो. गडबड त्या व्हेक्टरमध्येच आहे.

व्हेक्टरची जागा भरली की तो मोठा ब्लॉक घेतो, मजकूर तिकडे हलवतो आणि जुना ब्लॉक सोडतो. दोन थ्रेडना एकाच क्षणी जागा भरलेली दिसली तर दोघंही तोच जुना ब्लॉक फ्री करतात. हा तुमचा डबल फ्री. तो जागीच पकडला गेला तर नशीब. पुष्कळदा एखादा थ्रेड सोडलेल्या ब्लॉकमध्ये लिहून जातो, तिथली मॅलॉकची नोंद बिघडते आणि बऱ्याच वेळाने भलताच थ्रेड साधी स्ट्रिंग बनवताना कोसळतो. त्यामुळे जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) पाहून त्या फंक्शनमागे दिवस घालवू नका.

त्याऐवजी जीसीसी किंवा क्लँग कंपायलरमध्ये थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडची टक्कर शोधणारी तपासणी) चालू करून, डीबग माहितीसकट सगळं पुन्हा कंपाइल करा. प्रोग्राम 5 ते 15 पट हळू होईल, पण भिडणाऱ्या दोन्ही थ्रेडचे स्टॅक (फंक्शनांच्या साखळ्या) समोर येतील. मला हे साधन फार मोलाचं वाटतं, कारण त्याला क्रॅश होण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन वापरांमध्ये लॉक नाही एवढं दिसलं तरी ते बोलतं. मात्र जो कोड चाललाच नाही त्याबद्दल ते गप्प राहतं, म्हणून खरा डेटा द्या. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका शोधणारा) त्याच बिल्डमध्ये चालत नाही, त्याचा वेगळा बिल्ड करा. मेमरी तपासणारा व्हॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड चालवतो, त्यामुळे असली चूक त्याच्याखाली लपू शकते. प्रिंटएफ (मजकूर छापणारी ओळ) टाकल्यावर क्रॅश थांबला, तर तोही थ्रेडच्या वेळा बदलल्यामुळेच.

कुणी सुचवेल की आधीच रिझर्व्ह करा, म्हणजे पुरेशी जागा राखून ठेवा. त्याने ब्लॉक बदलणं थांबेल, पण शेवट कुठे आहे ही नोंद सगळ्यांची एकच, म्हणून दोन थ्रेड एकाच खणात लिहितील आणि निकाल गुपचूप हरवतील. क्रॅशपेक्षा हे वाईट. व्होलाटाइल या कीवर्डचाही इथे उपयोग नाही.

मी प्रत्येक थ्रेडला स्वतःचा व्हेक्टर देईन आणि जॉइन झाल्यावर (सगळे थ्रेड संपल्यावर) ते एकत्र करीन. मधेच कुणाला वाचायचं असेल तर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा, पण वाचणाऱ्यानेही तोच म्युटेक्स घ्यायला हवा.