रक्ताची टेस्ट नंतर, आधी उवांची फणी

तुमच्या प्रश्नातलं मला कळलं ते असं. अडीच वर्षांचा लॅब्रेडॉर, वर्षभरापासून खाज, पंजे चाटून चाटून तांबडे, कानाला वास. इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरा, मग पुन्हा तेच. चिकन महिनाभर बंद करून पाहिलं, फरक नाही. आता कुणीतरी रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट सुचवली आहे, ती करावी का?

आत्ता नको. का नको, ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात राहते, घरी राणी नावाची लॅब्रेडॉर आहे, आता सात वर्षांची. ती दोन वर्षांची असताना तुमच्यासारखीच गत होती. रात्री दोन वाजता पलंगाखालून चाटण्याचा चपचप आवाज यायचा आणि घरातलं सगळं जागं व्हायचं. मीही आधी इंजेक्शनं केली, मग ती रक्ताची टेस्ट केली. रिपोर्टात वीसेक गोष्टींपुढे लाल रेघा: तांदूळ, अंडं, बटाटा, घरातली धूळ, कसलंसं गवत. मी सगळं बंद केलं. राणी वाळली आणि खाज तिथल्या तिथे. पुढे कळलं की अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केस तपासून निघणाऱ्या याद्या भरवशाच्या नसतात. ठणठणीत कुत्र्याच्या रक्तातसुद्धा त्या पॉझिटिव्ह येतात. हवेतल्या आणि धुळीतल्या गोष्टींसाठीच्या टेस्टला उपयोग आहे, पण तो रोग ओळखायला नाही. रोग ओळखून झाल्यावर अ‍ॅलर्जी कमी करायची लस कशाची बनवायची ते ठरवायला.

मग ओळखायचं कसं? एकेक संशयित बाद करत जायचं, आणि क्रम सोडायचा नाही. आधी अंगावरचे किडे, मग बुरशी आणि जंतू, मग अन्न. हे तिन्ही निघून गेल्यावरही खाज उरली तर ती घरातल्या धुळीची, परागकणांची. डॉक्टर तिला अ‍ॅटोपी म्हणतात. हा क्रम मला एका डॉक्टरीणबाईंनी समजावला. त्यांनी पहिल्या भेटीत इंजेक्शन दिलंच नाही, म्हणून मी मनातून नाराज होऊन घरी आले होते.

त्यांनी विचारलं, "पिसवा आहेत का?" मी म्हटलं, छे, आमच्या घरात कुठल्या पिसवा. त्यांनी बारीक दातांची फणी घेतली, माणसांच्या उवांना वापरतात तसलीच, आणि राणीच्या कमरेवर शेपटीच्या मुळापाशी दहा-बारा वेळा फिरवली. निघालेला काळा भुसा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकला. दोन मिनिटांत त्या काळ्या कणांभोवती विटकरी डाग पसरले. माती असती तर काळीच राहिली असती. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे राणीचंच पचलेलं रक्त. हे तुम्ही आज रात्री घरी करू शकता, पैसा लागत नाही.

पिसवांचं गणित लोकांना पटत नाही म्हणून जरा थांबते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांच्या सुमारे ५ टक्के. बाकीच्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश होऊन गोधडीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली असतात. कोश महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि पावलांची थरथर, श्वासाची ऊब लागली की फुटतो. दिवाळीला गावी जाऊन आलं की बंद घरात एकदम पिसवा 'येतात', त्या अशा. शिवाय ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला दोन-चार चावे पुरतात. तो खाजवून, चाटून त्या पिसवा गिळूनही टाकतो. म्हणून 'दिसत नाहीत' याचा अर्थ 'नाहीत' असा धरायचा नाही. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला सलग तीन महिने पिसवांचं औषध, अंथरुणं गरम पाण्यात, कानाकोपऱ्यात व्हॅक्यूम. गोळी डॉक्टरांनाच विचारून घ्या. आजकालच्या फ्लुरॅलनर, अफोक्सोलॅनर गोळ्या चांगल्या आहेत, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. आणि कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका, मांजर दगावतं.

दुसरा किडा लुतीचा. रस्त्यावरच्या लूत लागलेल्या कुत्र्याशी खेळून आला की हे होतं. कानाची कड, कोपरं, मागचे घोटे आणि पोट खरवडल्यासारखं होतं, खाज भयंकर. घरातल्या माणसांच्या हातावर, कमरेवर पुरळ उठत असेल तर जवळजवळ कोडं सुटलंच. एक साधी खूण: कानाची कड दोन बोटांत धरून चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर लुतीचा संशय धरा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण हा किडा निम्म्या वेळा तरी हुलकावणी देतो. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर औषध देऊन पाहतात, आणि ते योग्यच आहे. वर सांगितलेल्या गोळ्या या किड्यावरही चालतात, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. डेमोडेक्स नावाचा आणखी एक किडा असतो. त्यात आधी केस जातात, खाज मागाहून येते. तो खरवडून बहुधा सापडतो. गोचिडांमुळे आजार होतात, पण वर्षभराची खाज सहसा त्यांची नसते.

आता तुम्ही लिहिलेला कानाचा वास. तो वाचूनच माझे कान टवकारले. आंबूस वास, तेलकट कातडी, बोटांच्या बेचक्यात तपकिरी रंग म्हणजे बहुतेक मॅलेसेझिया ही बुरशी. डॉक्टरीणबाईंनी साध्या चिकटपट्टीचा तुकडा राणीच्या पंजावर दाबला, निळ्या रंगात बुडवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. शेंगदाण्याच्या आकाराचे जांभळे ठिपके, सगळीकडे. दहा मिनिटांचं काम. वर्षभरात हे कुणी केलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक नसेल तर मुंबईत परळच्या, नाहीतर शिरवळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

ही बुरशी आणि पू करणारे जंतू बहुतेक वेळा मूळ कारण नसतात. मूळ खाजेने कातडी बिघडते आणि मग हे पाहुणे येऊन बसतात. पण पाहुणेच अर्धी खाज आणतात, त्यामुळे ते हटेपर्यंत मूळ कारण दिसत नाही. आम्ही क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरला. फेस करून दहा मिनिटं ठेवायचा असतो. दहा मिनिटं, घड्याळ लावून! ओल्या लॅब्रेडॉरला बाथरूममध्ये दहा मिनिटं धरून ठेवणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. या काळात खोबरेल चोपडू नका. ही बुरशी तेलावरच जगते, आणि आमच्याकडे सासूबाई रोज प्रेमाने चोळत होत्या. टी ट्री ऑइल तर चाटून पोटात गेलं की विषारी.

किडे आणि बुरशी गेल्यावर राणीची खाज निम्मी झाली. निम्मी म्हणजे नक्की किती, हे मी सांगू शकते, कारण तेव्हा मी कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री दहापैकी एक आकडा लिहायला लागले होते. शून्य म्हणजे शांत झोप, दहा म्हणजे रक्त येईपर्यंत खाजवणं. ८ वरून ४ वर आली. हे नाही लिहिलं तर आपण कालची रात्र आठवून सगळा महिना ठरवतो.

मग अन्नाची पाळी. तुमचं चिकन बंद करणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्यावरून निकाल लागत नाही. एक तर चार आठवडे कमी पडतात. ८ आठवडे नेटाने केलं तर अन्नाची अ‍ॅलर्जी असलेली दहातली नऊ कुत्री सुधारलेली दिसतात. दुसरं, एकच पदार्थ काढून भागत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांची नोंद आहे: ३४ टक्क्यांना गोमांसाची, १७ टक्क्यांना दुधाची, १५ टक्क्यांना चिकनची, १३ टक्क्यांना गव्हाची. आपल्याकडच्या कुत्र्याच्या ताटलीत दूध-पोळी आणि चिकन-भात, म्हणजे चारातले तीन हजरच. तिसरं, पाकिटावर 'लँब' लिहिलेल्या खाद्यातही कोंबडीची चरबी निघते. मागची बारीक अक्षरं वाचा.

करायचं असं की त्याने आयुष्यात कधी खाल्लं नाही असं एक मांस आणि एक पिष्ट निवडायचं, आणि तेवढंच. नाहीतर डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाद्य घ्यायचं. त्यात प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. ते महाग आहे पण कटकट कमी. आम्ही घरी केलं: काटे काढून उकडलेला मासा आणि रताळी, मीठ-मसाला-कांदा काही नाही. हे दोन महिन्यांपुरतंच, जन्मभराचं जेवण म्हणून ते अपुरं आहे. कुत्रं वाढीच्या वयातलं असेल तर घरचा प्रयोग नकोच.

पहिल्या वेळी पाचव्या आठवड्यात आकडा अचानक वर गेला. शोध घेतला तर सासूबाई रोज संध्याकाळी लाडवाएवढा साय-भात भरवत होत्या. "अगं, एवढ्याशाने काय होतंय, बघते कशी केविलवाणी!" खालचा वॉचमन ग्लुकोज बिस्किट द्यायचा तो निराळाच. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी राणीच्या पट्ट्याला चिठ्ठी बांधली: 'मला काही खायला देऊ नका, औषध चालू आहे.' 'पथ्य' म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, 'औषध' म्हटल्यावर ऐकलं. चघळायच्या जंताच्या गोळ्या, चवीची टूथपेस्ट, हाडं हेही सगळं बंद. पिसवांच्या गोळीला मांसाची चव असते, तेवढ्या काळापुरतं मानेवर टाकायचं औषध मिळतं.

आठ आठवडे संपले. आकडा ४ होता, ४ च राहिला. मी त्या दिवशी रडकुंडीला आले होते. डॉक्टरीणबाई मात्र खूश: "अन्न नाही, हे कळलं ना आता?" तुमच्या बाबतीत उलट झालं, खाज खरंच उतरली, तर तिथेही थांबू नका. जुनं अन्न मुद्दाम परत द्या. दोन आठवड्यांत खाज उसळली तरच अन्न दोषी. नाहीतर कदाचित नुसता ऋतू बदललेला असतो.

राणीला अ‍ॅटोपी निघाली. तिच्यासाठी थेट टेस्ट नाही, पण खुणा आहेत. क्लोद फाव्रो या जनावरांच्या त्वचारोगांच्या डॉक्टरांनी २०१० साली ८०० हून जास्त खाजऱ्या कुत्र्यांच्या नोंदींवरून त्या मांडल्या: तीन वर्षांच्या आत सुरुवात, कुत्रं बहुतेक वेळ घरात, पुढचे पंजे आणि कानाच्या पाळ्या बिघडलेल्या, पण कानाची कड आणि कंबर मोकळी, स्टेरॉइडने लगेच आराम. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. पण पिसवा आणि अन्न बाद न करता नुसत्या खुणांवर शिक्का मारता येत नाही, कारण अन्नाची अ‍ॅलर्जीही पंजे आणि कानच धरते. त्यात लॅब्रेडॉर, पग, जर्मन शेफर्ड, शिह त्झू या जातींना हे जास्त होतं. मला सोसायटीमागच्या गाजर गवताचा संशय होता. खरी गुन्हेगार निघाली घरातली धूळ, म्हणजे तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे माइट्स. दमट हवेत ते फोफावतात आणि ठाण्याच्या पावसाळ्याबद्दल काय सांगावं.

इंजेक्शनबद्दल. पंधरा दिवस बरं वाटतं ते बहुधा स्टेरॉइड असतं. कधीमधी द्यायला हरकत नाही, पण शोध चालू असताना त्याने सगळ्या खुणा पुसल्या जातात. शिवाय भूक, तहान, मुतणं वाढतं. इंजेक्शनचं नाव लिहून मागा. ऑक्लासिटिनिब या खाज थांबवणाऱ्या औषधाच्या गोळ्या राणीला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिल्या, म्हणजे तीही झोपली आणि आम्हीही. मग त्या थांबवून पथ्याचा परिणाम पाहिला. चालू औषध मात्र मनाने बंद करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर हळूहळूच उतरवाव्या लागतात. अ‍ॅटोपी बरी होत नाही, ताब्यात राहते. आता आठवड्याचा शाम्पू, गरम पाण्यात धुतलेली गोधडी आणि पावसाळ्यात गोळ्या यावर राणीचा आकडा २ असतो.

म्हणून या आठवड्यात तीनच कामं करा. कमरेवर फणी आणि ओला टिश्यू. कानाची कड चोळून मागचा पाय हलतो का ते बघणं. आणि डॉक्टरांकडे जाऊन पंजाची आणि कानाची चिकटपट्टीची तपासणी मागणं. टिश्यूवर काय रंग आला ते इथे खाली लिहा.