बायपासला हॉटेल काढण्याआधी

प्रश्न : आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, सुरत-नागपूर महामार्गावर. चौपदरीकरणात बायपास झाला आणि गावातल्या हॉटेलाचं गिऱ्हाईक तुटलं. बायपासला शेत आहे. तिथे हॉटेल काढलं तर पद्मालयाला जाणारे पर्यटक थांबतील का?

उत्तर : आधी सर्व्हिस रोड कुठे उतरतो ते चालत जाऊन बघा. मधे दुभाजक आहे, म्हणजे पलीकडच्या गाड्या तुमच्या नाहीतच. अंडरपास लांब असेल तर अर्धी वाहतूक हिशोबातून सोडून द्या. रातोरात दुभाजक फोडून कट पाडायचा उद्योग मात्र करू नका. वळणारी गाडी आडवी उभी राहते आणि मागून येणाऱ्याला ब्रेक पुरत नाही.

ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दारातला बोर्ड ५० मीटरवरून दिसला, तर ड्रायव्हरकडे दोन सेकंदही उरत नाहीत. खूण सर्व्हिस रोडच्या तोंडाच्या किमान एक किलोमीटर आधी हवी. महामार्गाच्या हद्दीत परवानगीशिवाय लावलेला बोर्ड काढून टाकतात. बांधकामाचंही तसंच : रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत बांधू नये, ७५ मीटरपर्यंत परवानगी लागते, असा सर्वसाधारण नियम आहे. गाड्या आत घेण्याची परवानगी वेगळी. पाया खोदण्याआधी हे कागद करा.

पद्मालयाला जाणारा एरंडोलहून आत वळतो. तुमचं शेत त्या वळणाच्या पुढे असेल, तर तो तुमच्यापर्यंत येतच नाही.

कुटुंब गाडी थांबवतं ते स्वच्छ संडासासाठी, शेवभाजी नंतर. म्हणून पहिला खर्च पाण्याची टाकी आणि बायकांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा संडास. जेवण दहा मिनिटांत पानात पडलं पाहिजे. भरताची वांगी सकाळीच तुरकाठ्यांवर भाजून ठेचून ठेवा, फोडणी गिऱ्हाईक बसल्यावर द्या. शेव वाढतानाच रश्श्यात टाका, आधी टाकली तर लगदा होतो. कळण्याची भाकरी गरमच हवी. डब्यातली चालणार नाही.

गावातली जागा एवढ्यात विकू नका. बाजारहाटाचं गिऱ्हाईक बायपासला येत नाही.

प्रश्न : धुळ्याहून पावसाळ्यात पाटणादेवीला जायचं आहे. कन्नड घाट लागेल का?

उत्तर : नाही. पाटणादेवी घाटाच्या अलीकडे, चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. घाट लागतो तो छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांना. ऑगस्ट २०२१च्या अतिवृष्टीत तिथे दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती, तेव्हा तिकडचे पाहुणे येणार असतील तर निघण्याआधी त्यांना घाटाची चौकशी करायला सांगा.