कॅरम चांगलं जमतं, पण पूलमध्ये कट आणि बँक शॉट चुकतात. नेम कसा धरायचा?

कॅरम चांगलं जमतं, हेच निम्मं दुखणं आहे. माझंही तसंच होतं. कॅरममध्ये आपण स्ट्रायकर पट्टीवर सरकवत राहतो आणि सोयीची रेषा दिसली की मारतो. पूलमध्ये क्यूने (काठीने) मारायचा पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच मारायचं. अवघड कट, म्हणजे समोरच्या बॉलला बाजूने लावून तिरका पाठवणं, टाळायची सोय नाही.

तुमचा कट बहुधा जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा कमी तिरका, लागत असणार. समोरच्या बॉलवरचा पॉकेटच्या बरोबर उलट बाजूचा बिंदू आपण हेरतो आणि पांढऱ्याचा मध्य त्याच बिंदूवर सोडतो. पण पांढऱ्यालाही जाडी आहे, त्याची कड आधीच टेकते. ३० अंशांचा कट हवा असताना असा नेम धरला तर जेमतेम १५ अंशांचा होतो! नेम त्या बिंदूच्या मागे, साधारण २८ मिलिमीटरवर धरायचा. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, म्हणजे अर्धा बॉल मागे. तिथे आणखी एक बॉल चिकटून ठेवला आहे असं समजा आणि पांढरा त्याच्या जागी नेऊन बसवा. यालाच घोस्ट बॉल म्हणतात. सरावाला खरोखरच एक बॉल तिथे पॉकेटच्या रेषेत चिकटवून ठेवा, तो कापडाला कुठे टेकतो ते डोळ्यात साठवा, मग उचला. (तिथे चॉकने खूण करू नका, क्लबवाला ओरडतो. अनुभव आहे.)

मी आधी एकच कट घोटला: अर्धा बॉल. क्यूची रेषा समोरच्या बॉलच्या बरोबर कडेवर धरली की ३० अंश मिळतात. हा एकदा डोळ्यात बसला की बाकीचे ‘याहून जाड’ किंवा ‘याहून पातळ’ असे ओळखू येतात. रेषा उभं असतानाच ठरवा. वाकल्यावर शंका आली तर परत उठा, वाकल्या वाकल्या क्यू सरकवू नका.

एवढं करूनही हळू मारलेला कट थोडा जाडच जातो. बॉल एकमेकांना घासतात आणि समोरचा पांढरा ज्या दिशेने चालला असतो त्या दिशेने किंचित ओढला जातो. बॉल मळलेले असले तर जास्तच. तेव्हा केसभर पातळ धरा.

बँकचं, म्हणजे बॉल कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) आपटून पॉकेटमध्ये घालण्याचं, मूळ गणित आरशाचं: ज्या कोनात आपटला त्याच कोनात परततो. बॉल टेबलाच्या रुंदीच्या मधोमध आहे आणि समोरच्या कुशनवर आपटून अलीकडच्या मधल्या पॉकेटमध्ये घालायचा आहे, असं धरा. तो त्या पॉकेटपासून लांबीच्या दिशेने दीड डायमंड (डायमंड म्हणजे टेबलाच्या कडेवरच्या सारख्या अंतरावरच्या खुणा) दूर असेल, तर समोरच्या मधल्या पॉकेटपासून एक डायमंडवर आपटायचा. म्हणजे दोन तृतीयांश. बॉल अलीकडच्या कुशनलगत असेल तर निम्म्यावर. मोजताना एक चूक सगळे करतात: डायमंड लाकडावर असतात, बॉल मात्र कुशनच्या ओठावर वळतो, तोही त्याचा मध्य अर्धा बॉल अलीकडे असतानाच.

इथे कॅरमची सवय पुन्हा नडते. सोंगटी घसरते, बॉल गडगडतो. हळू मारलेला बॉल कुशनवरून सुटल्यावर पुढे वाकतो आणि कोन पसरतो. जोरात मारला की कुशन दबतं आणि कोन आखडतो. म्हणून बँक नेहमी एकाच, मध्यम जोराने मारायला शिका. दर टेबलाचं कुशन वेगळं असतं, तेव्हा पैसे लावून खेळण्याआधी दोन-तीन बँक मारून बघा. त्यातही कट घेऊन बँक करायची असेल तर बॉलला थोडी फिरकी लागते आणि आरशाचं गणित बिघडतं. तो शॉट मी अजूनही दुसरा पर्याय असेल तर घेत नाही.