कोणाकडे काय मागशील

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही नीट वाचलं. एचआयव्हीच्या कलंकाविरुद्धच्या मोहिमेचा आराखडा चांगला आहे, पण पाठिंबा मागायचा क्रम मला पटला नाही. तू सुरुवात देणगीदारांपासून केली आहेस. जळगावचे सराफ, दालमिलवाले, रावेर-सावद्याचे केळी व्यापारी. पैसे लागतातच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण एचआयव्हीभोवतीचा कलंक पैशाने पुसला जात नाही. ज्याच्या शब्दाला घरात, भावकीत, गावात वजन आहे, असा माणूस चार लोकांत वेगळं वागून दाखवतो तेव्हा तो पुसला जायला लागतो. तुला आधी अशी माणसं जमवायची आहेत.

लोकांपर्यंत माहिती पोचलीच नाही, असं समजू नकोस. ग्रामसभेत विचारून बघ, एकत्र जेवल्याने एचआयव्ही होतो का? सगळे 'नाही' म्हणतील. आणि त्याच गावात एखाद्या घरी सुनेचा पेला वेगळा ठेवलेला असेल. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून, गोळ्या घेतल्या की बाहेरच्या बाकावर बसून डबीवरचा कागद नखाने खरवडून काढणारी माणसं मी नोकरीत कायम पाहिली. काही जण जळगाव जिल्ह्यातले असून गोळ्यांसाठी धुळ्याला जायचे. का, तर ओळखीचं कोणी भेटू नये. ही औषधं सरकार २००४ पासून मोफत देतंय, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यांच्याच खिशातून जायची. ते झेपेना झालं की काही जण गोळ्याच सोडायचे. लोक काय म्हणतील या भीतीने उपचार सुटतो आणि उपचार सुटला की माणूस जातो. मोहीम कशासाठी हवी, असं कोणी विचारलं तर हेच सांग.

श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवीच्या सणाला रोट कसे होतात ते तुला सांगायला नको. तापीकाठच्या एका घरी त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी सुनेला परातीपासून लांब बसवलं होतं. पुरणालाही हात लावू देईनात. म्हातारी सासू उठली, परात ओढून सुनेपुढे ठेवली आणि म्हणाली, "तिना हातनी भाकर मी रोज खास, माले काय व्हयनं?" (तिच्या हातची भाकरी मी रोज खाते, मला काय झालं?) कोणी काही बोललं नाही. सुनेने कणीक मळली, रोट झाले, गंगाफळाची भाजी झाली, सगळी भावकी जेवली. त्या गावात आम्ही बैठका घेतल्या होत्या, पत्रकं वाटली होती. त्यातून जे झालं नव्हतं ते त्या बाईने एका वाक्यात केलं. आता कुठल्याही गावात गेले की मी आधी अशी सासू शोधते.

म्हणून कोणाकडेही जाऊन नुसतं 'आमच्या मोहिमेला पाठिंबा द्या' म्हणू नकोस. लोक हो म्हणतात, फोटो काढून घेतात आणि विसरतात. ज्याच्या हातात जे आहे, नेमकं तेच माग. तालुक्याच्या डॉक्टरांना उद्घाटनाला बोलावण्यापेक्षा विचार की, पॉझिटिव्ह बाईचं बाळंतपण तुमच्याकडे होईल का? तिचं गळू फोडाल, दाढ काढाल, की 'सिव्हिलला जा' म्हणून चिठ्ठी द्याल? एका दवाखान्यात मी केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ठळक लिहिलेला निकाल पाहिला आहे. तो कागद वॉर्डबॉयपासून पेशंटच्या दिरापर्यंत सगळ्यांच्या हातातून फिरत होता. हातमोजे आणि निर्जंतुक उपकरणं प्रत्येकच पेशंटसाठी वापरायची असतात, वेगळी खूण करायची गरजच नसते. तालुक्यातला एक जरी डॉक्टर 'माझ्याकडे असं होणार नाही' असं सगळ्यांसमोर म्हणाला, तरी बाकीच्यांना नाही म्हणणं जड जाईल.

सप्ताहाच्या कीर्तनकारांकडे वेगळा कार्यक्रम मागू नकोस, त्यांच्याच कीर्तनातली पाच मिनिटं माग. मुख्याध्यापकांकडून शब्द घे की एखाद्या मुलाबद्दल कळलं तरी ते स्टाफरूममध्ये पोचणार नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग मिळतात. तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ट्रकथांब्यावर तपासणी शिबिरासाठी जागा माग. पण एवढ्यावर थांबू नकोस. निकाल काहीही आला तरी ड्रायव्हरचं काम सुटणार नाही, हेही वदवून घे, नाहीतर शिबिराला कोणी फिरकणार नाही.

मालक लोक घाबरतात ते अर्धवट ऐकलेल्या गोष्टींना. त्यांना सरळ सांग की रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणूभार तपासणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच टिकला, तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. मग शेजारी बसून केळीचे घड धुणाऱ्याला कुठून होणार? उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, वेळेवर उपचार मिळाले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. हे बचत गटाच्या बैठकीत सांगशील तेव्हा बायकांचे चेहरे बघ. त्यातल्या कोणाच्या तरी घरी लेक गरोदर असते.

आता एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगते आहे. कोणी ना कोणी देणगीदार म्हणेल, 'एखादा पेशंट स्टेजवर आणा, लोकांना पाझर फुटेल.' किंवा मुलांचे फोटो मागेल, डोळ्यांवर काळी पट्टी लावून. नाही म्हण. आपल्याकडे माणूस नुसत्या ओट्यावरून ओळखतात, दारातल्या बैलगाडीवरून ओळखतात, तिथे पट्टीने काय झाकणार? ज्याला स्वतःहून बोलायचं असेल त्याने जरूर बोलावं, पण ते आधी त्याच्या घरच्यांशी आणि समुपदेशकाशी बोलून ठरलेलं असावं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार काही मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करायलाही बंदी आहे. १०० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आणि आरोग्यसंस्था असेल तर २० माणसांपासून पुढे, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. दालमिलच्या मालकाकडे चेक मागण्याआधी हा अधिकारी नेमला आहे का, ते विचार. नसेल तर नेमायला लावणं हीच त्यांची पहिली देणगी समज.

पैशाचं थोडक्यात सांगते. लोकांकडून वर्गणी घ्यायची तर नोंदणीकृत संस्था सोबत घे, नाहीतर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढ. दहा रुपयांचीही पावती फाड आणि हिशेब गावात फळ्यावर लाव. मोठ्या देणगीदाराचं नाव फलकावर टाकायला हरकत नाही, पण कार्यक्रमात काय बोलायचं ते त्याने ठरवू नये.

आधी जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांना आणि जिल्हा एड्स नियंत्रण विभागाच्या लोकांना भेटून ये. कोणाचं नाव किंवा गाव विचारू नकोस. लोकांना सगळ्यात जास्त अडचण कुठे येते, दवाखान्यात, शाळेत की घरात, एवढंच विचार. १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक पत्रकावर हवा. मग तुझ्या ओळखीतली, शब्दाला वजन असलेली पाच माणसं लिहून काढ. प्रत्येकापुढे तू त्याच्याकडे काय मागणार ते एका ओळीत लिही आणि मला पाठव. यादीत किमान दोन बायका असू दे. दालमिलवाल्यांकडे जायचा दिवस ठरला की कळव, मी सोबत येईन.

तुझी,
मावशी