करंगळीवरचा ठिपका

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माणूस जन्मभर दुःख टाळत असतो, बाकी सगळं त्यावरचं पांघरूण, असं तू लिहिलंस. आणि अगदी शेवटी, घाईत लिहावं तसं, की मैत्री तुटल्यापासून कुणाच्या फार जवळ जायचं नाही असं ठरवलं आहेस. पहिलं वाक्य तू तत्त्व म्हणून मांडलंस, पण मला ती दुसऱ्या वाक्याची तयारी वाटली. म्हणून हे पत्र लांबलं तरी पूर्ण वाच.

तुझा विचार जुना आणि भारदस्त आहे. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका, म्हणजे सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ, पहिल्याच कारिकेत (श्लोकात) त्रिविध दुःखाचा आघात सांगते. तो बसतो म्हणूनच ते घालवण्याचा उपाय शोधावासा वाटतो. बुद्धाचं पहिलं आर्यसत्य दुःखाचंच. १७८९ साली इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमने लिहिलं की निसर्गाने माणसाला दुःख आणि सुख या दोन धन्यांच्या ताब्यात दिलं आहे. एवढ्या मोठ्या माणसांशी वाद घालण्याइतकं माझं वाचन नाही. मी फिजिओथेरपिस्ट. पण नोकरीची पहिली वर्षं मी कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात काढली, आणि दुःख न होणं म्हणजे काय, हे तिथे रोज पाहिलं.

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं लोकांना अजून वाटतं. तसं नसतं. जंतू मज्जातंतूंवर, म्हणजे संवेदना नेणाऱ्या शिरांवर, घाला घालतात, हातपाय बधिर होतात. मग भाजलेलं, कापलेलं, खिळा घुसलेला कळत नाही आणि जखम चिघळत हाडापर्यंत जाते. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकेक जखम कशाने झाली याचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माग काढला. काही रुग्णांच्या बोटांचे लचके रात्रीतून नाहीसे व्हायचे. पहारा ठेवला तेव्हा कळलं, उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जागही येत नव्हती. पुढे घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर द्यायची पद्धत पडली.

नंतर ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी वेदनेची नक्कल करणारं यंत्र बनवायचा घाट घातला. हातमोज्यात दाब ओळखणारे सेन्सर, धोका झाला की कानात आवाज. रुग्ण आवाजाकडे काणाडोळा करायचे. मग, अंगाचा जो भाग अजून शाबूत आहे तिथे विजेचा झटका बसेल अशी सोय केली. तेव्हा रुग्ण काय करायचे? झटका बसेल असं काम आलं की यंत्राचं बटण बंद, काम उरकलं की पुन्हा चालू. काही वर्षं खपून ब्रँडनी तो नाद सोडला.

या बटणाने मला फार वर्षं छळलं. तुझं म्हणणं खरं असेल, तर बटण बंद करणारा माणूस शहाणाच म्हणायचा. दुःख टळलं, काम झालं. मग त्याचं नुकसान झालं असं आपण का म्हणतो? कारण हात त्याचा होता, आणि तो त्याला आपला वाटेनासा झाला होता. आमच्याकडे एक शेतकरी चुलीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवायचा. मी ओरडले की माझ्याकडे बघायचा, हाताकडे नाही. "बाई, लागत नाही हो," म्हणायचा, जणू हात शेजाऱ्याचा आहे.

तेव्हापासून मी असं मानते की आपलेपण आधी आणि दुःख मागून. जे आपलं, तेच दुखतं. ती मैत्री तुझी होती म्हणून दुखली. एक मात्र सांगते. पोटात अन्न नाही किंवा कॅन्सर हाडात उतरलाय, अशा माणसाला दुःख थांबण्यापलीकडे काहीच नको असतं. त्याला माझं हे तत्त्वज्ञान कुणी सांगू नये. त्याला आधी अन्न द्यावं, औषध द्यावं.

तू म्हणशील, दुसऱ्यासाठी झिजणारेही स्वतःच्या मनाची टोचणी टाळतात. वरोऱ्यात तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला तेव्हा बाबा आमटे घाबरून पळाले होते. ते परत आले, त्याची सेवा केली आणि १९४९ पासून आनंदवन उभं राहिलं. पळाले तेही दुःख टाळायला आणि परतले तेही दुःख टाळायलाच, असं म्हटलं तर दोन्हीपैकी कशाचाच उलगडा होत नाही. मला विचारशील तर तो रस्त्यावर पडलेला माणूस त्यांना मधल्या वेळात आपला वाटू लागला.

तुला माझं सांगणं एवढंच, बटणाला हात लावू नकोस. रुग्णांना आम्ही रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून तळवा आरशात बघायला सांगायचो, कारण बधिर जागा स्वतःहून काही सांगत नाही. तूही बघत जा. कुणाचा फोन आला तर नुसता वाजू देतोय का आपण, कुठली बातमी ऐकून काहीच वाटलं नाही का.

बधिरपणा नवा असेल तर तो परतू शकतो. आमच्याकडे एक शाळकरी मुलगी आली होती. कोपराजवळची शीर सुजलेली, करंगळी बधिर. शिरेची सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन हे औषध सुरू केलं, हाताला आधाराची पट्टी बांधली. दर महिन्याला मी तिला डोळे मिटायला सांगून तळहातावर बॉलपेनचं टोक टेकवायची. जिथे कळेल तिथे तिने दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. करंगळीशी तीन महिने तिचं बोट हललं नाही. चौथ्या महिन्यात ते बराच वेळ हवेत घुटमळलं, आणि मग बरोबर शाईच्या ठिपक्यावर टेकलं. तिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "बाई, पुन्हा टेकवा."

तुझी,
बाई