'ओपन द इन्व्हॉइस' कुठून येतं? चिनी सहकारी आणि व्यापारातली इंग्रजी

चीनमधल्या शेन्झेन शहरात नोकरी करणाऱ्या एका मराठी बाईंचा प्रश्न आहे. ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्यांना त्या जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी शिकवतात. इन्व्हॉइस, कोटेशन, डिपॉझिट, शिपमेंट हे शब्द मंडळींना तोंडपाठ आहेत. तरीही ईमेलमध्ये 'प्लीज ओपन द इन्व्हॉइस' असं येतं आणि परदेशातला ग्राहक जोडलेली फाइल शोधत बसतो. हे 'ओपन' येतं कुठून आणि या मंडळींना नेमकी कोणती शब्दयादी द्यावी, असं त्या विचारतात.

'ओपन' येतं ते 'खाइ' या चिनी क्रियापदातून. त्याचा मूळ अर्थ उघडणं. पण चिनी माणूस दार, दुकान आणि बँकेतलं खातं जसं 'खाइ' करतो, तसाच दिवा, गाडी, बैठक, चेक आणि बिलही 'खाइ' करतो. इंग्रजीत मात्र दिव्याला टर्न ऑन, गाडीला ड्राइव्ह, मीटिंगला होल्ड, चेकला राइट आणि इन्व्हॉइसला इश्यू. शाळेत 'खाइ म्हणजे ओपन' एवढी एकच जोडी घोकलेली असते आणि ऐन वेळी तीच लेखणीतून उतरते.

मराठी माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. आपलं 'काढणे' आठवून बघा. आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, नवीन दुकान काढतो आणि कुणाची तरी खोडीही काढतो. या सगळ्यांना 'रिमूव्ह' लावलं तर इंग्रजीत काय होईल? चिनी सहकाऱ्याच्या 'ओपन'मागे हीच गोष्ट आहे, तेव्हा त्याला 'इंग्रजी कच्चं आहे' एवढंच सांगून भागत नाही.

गंमत अशी की 'खाइ'चं 'ओपन' एका महत्त्वाच्या ठिकाणी अगदी बरोबर बसतं. बँकेमार्फत पैशांची हमी देणारं लेटर ऑफ क्रेडिट इंग्रजीतही 'ओपन'च करतात आणि चिनीतही 'खाइ'च करतात. त्यामुळे 'ओपन चूक, इश्यू बरोबर' असा सरसकट नियम सांगू नका. नियम नामागणिक बदलतो.

याच वाक्यातल्या 'इन्व्हॉइस'कडेही जरा नीट बघा. चिनी माणसाच्या मनात तिथे 'फाफ्याव' असतं. फाफ्याव म्हणजे साधं बिल नव्हे. तो कर खात्याच्या नियंत्रणाखाली निघणारा कागद असतो आणि तो नसेल तर कंपनीत खर्च मंजूर करून घेताना अडचण येते. परदेशी ग्राहकाला कस्टम्ससाठी हवं असतं ते कमर्शियल इन्व्हॉइस, म्हणजे वेगळाच कागद. शिवाय हॉटेलात जेवून घेतलेल्या फाफ्यावला हीच मंडळी कधी रिसीट म्हणतात, कधी इन्व्हॉइस. म्हणून इन्व्हॉइस, रिसीट आणि बिल हे तीन कागद समोर ठेवूनच शिकवा. कुठला कागद पैसे मागतो आणि कुठला पैसे मिळाल्याचं सांगतो, हे हातात धरून दाखवलं की पुन्हा घोळ होत नाही.

बॉरो आणि लेंडचंही असंच. चिनीत दोन्हीकडे 'ज्ये' हे एकच क्रियापद. कुणी कुणाला दिलं हे आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं, जसं आपल्याकडे 'उसने' हा शब्द तोच राहतो आणि घेतले की दिले यावर सगळं ठरतं. उलट किमतीच्या बाबतीत मराठी तुमच्या कामी येईल. 'द प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह' हे चिनी भाषकांचं नेहमीचं वाक्य आहे, कारण चिनीत किंमतही 'ग्वे' म्हणजे महाग असू शकते. आपण वस्तू महाग म्हणतो आणि भाव चढा किंवा जास्त म्हणतो. इंग्रजीचंही तसंच, वस्तू एक्स्पेन्सिव्ह आणि प्राइस हाय.

आता आकडे. इथे चूक झाली तर ती थेट पैशांत मोजावी लागते, म्हणून यावर वेळ द्या. चिनी मोजणी चार-चार शून्यांनी चढते. दहा हजारांना 'वान' आणि दहा कोटींना 'यी' असे स्वतंत्र शब्द आहेत. मिलियनला स्वतंत्र शब्दच नाही, तो 'शंभर वान' होतो आणि बिलियन 'दहा यी'. आपले साडेतीन लाख म्हणजे त्यांचे 'पस्तीस वान', तेव्हा बोलण्याच्या ओघात 'थर्टी फाइव्ह थाउजंड' निघून जाणं अगदी सोपं. त्यात लिहिताना मात्र तेही स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर देतात, म्हणजे स्वल्पविरामाची जागा त्यांच्या तोंडच्या मोजणीशी जुळत नाही. चीनमधल्या इवू शहराच्या घाऊक बाजारात भारतीय खरेदीदार डोक्यात लाखाने हिशेब करतो आणि विक्रेता वानने, दोघंही मधल्या मिलियनवर येऊन अडखळतात. उजवीकडून पहिला स्वल्पविराम थाउजंड, दुसरा मिलियन, तिसरा बिलियन, एवढं पक्कं करून घ्या आणि रोज पाच मोठे आकडे मोठ्याने वाचायला लावा. लेखी व्यवहारात आकडा नेहमी पूर्ण लिहायचा.

सवलतीत तर उलटाच मामला आहे. चिनी दुकानात आठच्या आकड्यापुढे 'ज' हे सवलतीचं चिन्ह दिसलं तर त्याचा अर्थ दहातले आठ भाग पैसे द्यायचे, म्हणजे २० टक्के सूट. आपण आणि इंग्रज किती कमी झालं ते सांगतो, चिनी भाषा किती उरलं ते सांगते. एखाद्या विक्रेत्याने हाच आकडा जसाच्या तसा उचलून 'एटी पर्सेंट डिस्काउंट' लिहिलं, तर ग्राहक तो कागद जपून ठेवणार हे उघड आहे.

तुमच्या सहकाऱ्यांचा निर्यातीशी संबंध असेल तर एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च धरून किंमत) आणि सीआयएफ (त्यात जहाजाचं भाडं आणि विमाही धरून किंमत) या संज्ञाही बाजूला घेऊन बोला. चिनीत त्यांना सर्रास 'ली-आन-ज्या' आणि 'दाव-आन-ज्या' म्हणतात, म्हणजे किनारा सोडतानाची किंमत आणि किनाऱ्याला लागल्यावरची किंमत. ऐकायला सुटसुटीत आहे, पण दुसरं नाव चकवतं. निंगबो या चिनी बंदरातून न्हावा शेवाला सीआयएफने माल निघाला तर भाडं आणि विमा विक्रेत्याचा, हे खरं. जोखीम मात्र निंगबोला माल जहाजावर चढला की खरेदीदाराकडे जाते. वाटेत माल बुडाला तर विम्याचा दावा खरेदीदाराने करायचा असतो. 'किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं विक्रेत्याच्या माथी' असं त्या चिनी नावावरून वाटतं, ते चूक आहे.

शब्द पाठ करूनही न सुटणारी एक गोष्ट म्हणजे नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. 'हॅव्हन्ट यू शिप्ड द गुड्स?' असं विचारलं की चिनी माणूस 'येस' म्हणतो, म्हणजे 'तुम्ही म्हणता ते बरोबर, अजून पाठवला नाही'. इंग्रजी ऐकणारा समजतो, माल निघाला. आपणही 'माल गेला नाही का?' याला 'हो, नाही गेला' म्हणतोच, तेव्हा ही सवय त्यांच्याबरोबर स्वतःचीही तपासा. नुसतं येस-नो न लिहिता 'वुई हॅव नॉट शिप्ड इट येट' असं पूर्ण वाक्य लिहायला लावा.

व्यापारापुरती इंग्रजी शिकायची ही धडपड चीनमध्ये जुनी आहे. हाँगकाँग सरकारकडे दुभाषी राहिलेल्या आणि पुढे जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीचा कॉम्प्रदोर, म्हणजे चिनी मध्यस्थ, झालेल्या थांग थिंगशू यांनी १८६२ मध्ये ग्वांगझोमध्ये 'यिंग-यू जी-छुआन' हे इंग्रजी शिकवणारं पुस्तक काढलं. त्यात इंग्रजी उच्चार चिनी अक्षरांत दिले होते आणि बाजारात लागणारे शब्द विषयवार लावले होते. व्यापारापुरत्या मोडक्यातोडक्या मिश्र भाषेला म्हणतात तो 'पिजिन' हा शब्दही ग्वांगझोच्या बंदरातल्या 'बिझनेस'च्या उच्चारातून आला, असं बहुतेक कोशकार मानतात.

राहिली तुमची शब्दयादी. छापील यादी आणू नका. प्रत्येकाला त्याने गेल्या महिन्यात पाठवलेल्या ईमेल काढायला सांगा आणि त्यातली नामं वहीत उतरवायला लावा. वीस-पंचवीसच्या पुढे ती क्वचितच जातील. नामासमोर चिनी अर्थ लिहायचा नाही, त्याच्याबरोबर चालणारी क्रियापदं लिहायची. ऑर्डर प्लेस करतात, कन्फर्म करतात, कॅन्सल करतात. पेमेंट मेक करतात. डेडलाइन मीट करतात किंवा मिस करतात. हे 'मीट' चिनी माणसाला आपोआप कधीच सुचणार नाही, कारण भेटण्याशी मुदतीचा संबंध त्याच्या भाषेत नाही. अशा नामांपासूनच सुरुवात करा, आणि पहिल्या पानावर इन्व्हॉइस घ्या.